त्र्यंबक मास्तरांचे सतरावे वाक्य

‘त्र्यंबक मास्तर विद्वान होते, परंतु अखेरीस त्यांनी गावाचा विश्वासघात केला. ज्यांनी त्यांच्याजवळ मन मोकळे केले, त्यांचीच नावे लिहिलेली वही त्यांनी फौजदाराच्या हाती दिली. त्या वहीवरून जऊळक्याचे दोन हमाल पकडले गेले, आणि मास्तर तोंड लपवून गाव सोडून गेले.’

आमच्या रिसोडच्या शाळेने काढलेल्या स्मरणिकेत एका वकीलसाहेबांनी हे छापून आणले आहे. मास्तरांनी गाव सोडले तेव्हा वकीलसाहेबांचा जन्मही झालेला नव्हता. ऐकीव गोष्टीला शाईचे बळ मिळाले की ती इतिहास म्हणून मिरवू लागते. मी त्या शाळेत मास्तरांच्या हाताखाली तीन वर्षे शिक्षक होतो. आज ऐंशी ओलांडली आहे, दृष्टी अधू झाली आहे, परंतु स्मृतीवर अजून पडदा आलेला नाही. म्हणून सांगतो, की वरील मजकुरात वही दिल्याचे तेवढे खरे आहे, आणि त्याचा अर्थ वकीलसाहेबांना कळलेला नाही.

दुसरे महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षे होती. मास्तर वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवीत. बांधा किडकिडीत, कोटाच्या काजात सुतळीने बांधलेली पेन्सिल, आणि खिशात भाजलेले हरभरे. लग्न केलेले नव्हते. कारण विचारले तर म्हणत, “घरात दोन माणसं झाली, की एकाला ऐकायची सवय सोडावी लागते.” ऐकणे हेच त्यांचे व्यसन होते. बाजारात, गाडीतळावर, पाणवठ्याच्या वाटेवर ते थबकून उभे राहत. माणूस काय सांगतो यापेक्षा कोणत्या शब्दाने सांगतो, याकडे त्यांचे कान असत.

शिकवण्याची त्यांची एकच पद्धत होती. विद्यार्थ्याने कोशातून पाठ केलेला अर्थ म्हणून दाखवला, की ते विचारीत, “कोण म्हणालं?”

“कोशात आहे, सर.”

“कोश बोलत नाही. हा शब्द जितं माणूस म्हणालं का? कोणतं? कुठं? कशावरून?”

मुले त्यांना पाठीमागे ‘कोनम्हनाले मास्तर’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते. एकदा फळ्यावर कोणी तसे लिहून ठेवले, तेव्हा ते वाचून त्यांनी गंभीरपणे विचारले, “हे कोण म्हणालं?” आणि सगळ्या वर्गाबरोबर स्वतःही हसले.

आता एका क्रियापदाकडे येतो, कारण सगळ्या अनर्थाचे मूळ तेथे आहे. इंग्रजीत ‘फिल्च’ असे एक हलकेफुलके क्रियापद आहे. आमच्या शाळेतल्या कोशात त्याचा अर्थ एकाच शब्दात दिलेला होता, ‘चोरणे’. मास्तरांना तो अर्थ मान्य नव्हता. ते म्हणाले, “चोरणे म्हणजे इंग्रजीतलं ‘टू स्टील’. त्याला दरोडा लागतो, कुलूप लागतं, काळीज लागतं. फिल्च करणाऱ्याला यातलं काही लागत नाही. एखाद्याने काकडी तोडून धोतरात घातली, तर त्याला चोर म्हणाल? मराठीत याला शब्द नाही, असं म्हणणारा बहिरा आहे.”

आणि त्यांनी शब्द गोळा करण्यास आरंभ केला. ढापणे, लांबवणे, उडवणे, खिसकावणे, गायब करणे, लंपास करणे. त्यांचे म्हणणे असे, की यांतील प्रत्येकाची चाल निराळी. ढापायला तळहात किंवा पदर लागतो. लांबवायला मालकाची पाठ लागते. लंपास झालेली वस्तू जणू आपल्याच पायांनी चालत जाते. आणि लाटणे तर यांच्यात बसतच नाही, कारण लाटणारा मालकाच्या डोळ्यांदेखत लाटतो आणि वर मालकालाच रामराम करतो. हे सर्व त्यांनी एका जाड, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत मांडले होते. तीन रकाने होते. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य जसेच्या तसे, आणि तिसऱ्यात म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि वार. तिसरा रकाना रिकामा असेल, तर पहिले दोन ते खोडून टाकीत. “साक्षीदाराशिवाय अर्थ नाही,” हे त्यांचे ब्रीद होते.

विचारून मिळालेला शब्द त्यांना चालत नसे. तो त्यांच्या भाषेत ‘वाळलेला शब्द’. जिता शब्द मिळवण्यासाठी ते आधी स्वतःच्या लहानपणची एखादी भुरटी चोरी रंगवून सांगत, आणि मग हरभरे चावीत गप्प बसत. पुढचे काम समोरचा माणूस करी. गावकुसाबाहेर सखू माळीण वांगी-मेथी पिकवून बाजारात बसे. जिभेने मोठी तिखट. तिच्याकडून त्यांना वहीतले सर्वोत्तम वाक्य मिळाले, आणि ते मिळाले त्या दिवशी मास्तर शाळेत अक्षरशः धावत आले.

“ऐका,” ते मला म्हणाले. “‘सासूच्या डब्यातला गूळ म्या असा गायब केला, का मुंगीले बी पत्ता नाही.’ मुंगी! साहेबाच्या देशात अशी मुंगी नाही हो!”

केनवडच्या एका शेतगड्याने सांगितले होते, “रखवालदार तंबाखू मळून राह्यला तवर चार काकड्या ढापल्या.” जऊळक्याच्या स्टेशनावरच्या हमालाने सांगितले होते, “इंजन पानी पेऊन राह्यलं, तवर दोन टोपले कोळसा लांबवला.” अशी चाळीस वाक्ये होती. प्रत्येक वाक्यापुढे नाव, गाव, वार. बोलणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते, की आपण एका हलक्या इंग्रजी क्रियापदाच्या पोटात नावानिशी नोंदले जात आहोत. मास्तरांना यात काही वावगे आहे, असे स्वप्नातही आले नाही. शब्द देणाऱ्याचे नाव गाळणे, हीच त्यांच्या लेखी चोरी होती.

मग शाळेचे स्नेहसंमेलन आले. पाहुणे म्हणून नवे फौजदार होते. रिसोडच्या बाजारात आणि जऊळक्याच्या स्टेशनावर भुरट्या चोऱ्या वाढल्याची ओरड वरपर्यंत गेली होती, आणि ती मोडून काढण्यासाठी त्यांना मुद्दाम पाठवलेले होते. मंडपात तीनशेवर माणसे असतील. मास्तरांनी ‘एक इंग्रजी क्रियापद आणि आपली वऱ्हाडी’ या विषयावर भाषण केले. नावे न घेता वाक्ये म्हणून दाखवली. लोक पोट धरून हसले. सखू बायकांच्या बाजूला बसली होती. मुंगीचे वाक्य येताच तिने तोंडाला पदर लावला, परंतु तीही हसत होती.

फौजदारही हसले. मग पाय लांब करून त्यांनी थट्टेच्या सुरात विचारले, “वा मास्तर, वा! मगर ये बताओ, हे सगळं कोण म्हणालं?”

आणि मास्तरांचा चेहरा उजळला. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. आयुष्यभर जो प्रश्न ते दुसऱ्यांना विचारीत आले, तो प्रथमच कोणी त्यांना विचारला होता. वही छातीशी धरून ते म्हणाले, “सगळं नोंदलेलं आहे, साहेब! नाव, गाव, वार. एकही वाक्य बेवारशी नाही!”

मंडपातले हसू थांबले. ते विरत गेले नाही, जागच्या जागी थांबले. मी मागच्या बाकावर होतो. माझ्या शेजारच्या माणसाने पायांत वहाणा चढवल्या आणि तो निघून गेला. फौजदारांनी पाय जवळ ओढले. “छान,” ते म्हणाले. “उद्या दुपारी वही बघायला शाळेत येतो. जपून ठेवा.”

तेव्हासुद्धा मास्तरांना समजले नाही. खरेच सांगतो, समजले नाही. मंडपातून बाहेर पडताना ते मला म्हणाले, “पोलिसात असूनही माणूस भाषेचा रसिक दिसतो.” 

त्यांना समजावले ते सखूने. दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरण्याआधीच ती भाजीची पाटी डोक्यावर घेऊन आली. पाटी तिने खाली उतरवली नाही.

“मास्तर, म्या तुमच्यासमोर हासत बोलली. तुमी लिवून ठेवलं?”

“मी शब्द लिहिला, बाई.”

“शब्दाले माह्यं नाव कायले जोडलं? सासू अजून जिती हाये माही. अन् माह्या गुळाचं सोडा. त्या कोळशावाल्याचं काय? सरकारी कोळसा हाये तो. बेड्या पडतीन त्याले. लेकरंबाळं हायेत त्याच्या घरी.”

“पण नाव नसेल, तर शब्द कोणाचा म्हणायचा?”

“कोनाचाच नाही,” सखू म्हणाली. “साऱ्यायचा हाये. तुमच्या लक्षात काहून येत नाही?”

मास्तर खाली बसले. खुर्चीवर नव्हे, व्हरांड्याच्या पायरीवर.  सखू निघून गेली. मी म्हणालो, “मास्तर, वही जाळा. आत्ता जाळा.” हे बोलताना माझा आवाज चढला होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

ते म्हणाले, “तीनशे माणसांसमोर मी वही आहे म्हणून सांगितलं. आज ती नाही म्हटलं, तर तो एकेकाला धरून विचारील. आणि त्याचं विचारणं माझ्यासारखं नसतं, हरभरे खाऊन.” मग ते उठले, आपल्या वर्गाला सुट्टी दिली, आणि आत जाऊन दार लावून घेतले.

दुपारी फौजदार आले. निम्मे गाव शाळेच्या फाटकाशी जमले होते. मास्तर बाहेर आले. त्यांच्या बोटांना शाई लागलेली होती. त्यांनी वही दोन्ही हातांनी फौजदारांसमोर धरली, आणि फौजदारांनी ती घेतली. गावाने पाहिले ते एवढेच. गर्दीतून कोणीतरी मातीचे ढेकूळ मारले. ते मास्तरांच्या खांद्यावर फुटले. त्यांनी खांदा झटकलासुद्धा नाही. वकीलसाहेबांचा सगळा इतिहास या एका देखाव्यावर उभा आहे. त्याच्या पुढचे त्यांना कोणी सांगितलेले नाही, कारण पुढचे वाशीमला घडले, मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत, आणि रिसोडचा तेथे हजर असलेला माणूस एकच होता. मी. वहीतले अक्षर मास्तरांचेच आहे, एवढे सांगण्यापुरते मला बोलावलेले होते.

कारकुनाने वही उघडून पहिले वाक्य वाचले. काकड्या ढापल्याचे. “कोणी म्हटले,” त्याने तिसरा रकाना वाचला, “त्र्यंबक मास्तर, रिसोड.” पान उलटले. कोळसा लांबवला. त्र्यंबक मास्तर, रिसोड. पुन्हा पान उलटले. त्र्यंबक मास्तर. त्र्यंबक मास्तर. चाळीसच्या चाळीस.

 जो माणूस साक्षीदाराशिवाय अर्थ मानीत नव्हता, खोट्या नोंदीला जो पाप म्हणत होता, त्याने एका सकाळीत आपल्या हाताने चाळीस साक्षीदार पुसून टाकले होते, आणि चाळीस गुन्हे स्वतःच्या अंगावर घेतले होते. आयुष्यात ज्या एका गोष्टीवर त्यांची श्रद्धा होती, तीच त्यांनी चाकूने खरवडली होती.

फौजदारांनी पान उजेडासमोर धरले. “इथे कागद खरवडला आहे, हुजूर! आधी दुसरी नावं होती!”

“खरवडला का?” मॅजिस्ट्रेटनी विचारले.

“नोंद चुकली होती,” मास्तर म्हणाले. “दुरुस्त केली.”

“मग ही सर्व वाक्ये तुमची?”

“वहीत तसं लिहिलेलं आहे.”

मॅजिस्ट्रेट वयस्कर आणि समंजस गृहस्थ होते. त्यांनी वही पुढे ओढून स्वतःच पाने चाळली. एके ठिकाणी ते थांबले. “मास्तर, तुमचे लग्न झाले आहे?”

“नाही, साहेब.”

“मग हा सासूच्या डब्यातला गूळ?”

“सासूच नाही, साहेब. म्हणून तर मुंगीलाही पत्ता लागला नाही.”

कचेरी हसली. पट्टेवालाही हसला. मॅजिस्ट्रेटनी ओठ दाबले आणि वही मिटू लागले. त्या क्षणी मला वाटले, सुटले! हे सगळे गुळाकाकडीवर मिटेल. त्या दोन टोपले कोळशाबद्दल स्टेशनाची लेखी तक्रार नाही, कोणी डोळ्याने पाहिलेले नाही. परंतु फौजदारांनी वाकून सतराव्या वाक्यावर बोट ठेवले.

कारकुनाने वाचले, “‘साहेबाची टोपी साहेबासंगं गेली, पेन मात्र आपण खिसकावलं.’ कोणी म्हटले, त्र्यंबक मास्तर.”

आता हसायला जागा नव्हती. आदल्या वर्षी शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांचे परदेशी फौंटन पेन टेबलावरून नाहीसे झाले होते. शाळेची झडती झाली होती, लेखी तक्रार झालेली होती. चाळीसांतली ही एकच चोरी अशी होती, की जिचा मालक होता, कागद होता आणि राग शिल्लक होता.

“हे पेन तुम्ही घेतले?”

“होय.”

“कोठे आहे?”

“हरवलं.”

“कोठे हरवले?”

“लक्षात नाही,” मास्तर म्हणाले. कोणता शब्द कोणत्या वारी कोणत्या झाडाखाली ऐकला, हे ज्याला तोंडपाठ असे, तो माणूस म्हणाला, लक्षात नाही. हे बोलताना ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते. माझ्या बाकाकडे त्यांनी एकदाही वळून पाहिले नाही. अगदी एकदाही नाही.

मग मला उभे केले. “हे अक्षर यांचेच?” मी म्हणालो, “होय.” मला दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही.

मॅजिस्ट्रेटनी समज देऊन त्यांना सोडले, परंतु शाळाखात्याने सोडले नाही. त्यांची नोकरी गेली. वहीतल्या एकाही माणसाला बोलावणे आले नाही. जऊळक्याचे दोन हमाल पकडले गेले ते पुढल्या महिन्यात, डोक्यावर टोपली असताना, स्टेशनाच्याच पहारेकऱ्याकडून. त्यांची नावे त्या वहीत कधीही नव्हती, कारण मास्तरांना वाक्य देणारा हमाल निराळा होता, आणि तो म्हातारा होईपर्यंत त्याच फलाटावर ओझी वाहत राहिला. वकीलसाहेबांनी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि एकीला दुसरीची आई करून टाकले.

आणि तोंड लपवून गेले म्हणे! मास्तर बाजाराच्या दिवशी, भर सकाळी, बाजारातून चालत गाडीतळावर गेले. पाठीशी एक वळकटी होती, कोटाच्या काजातली सुतळी रिकामी लोंबत होती. सखूच्या पाटीपाशी ते थांबले आणि त्यांनी मेथीची जुडी मागितली. वाटेत मेथी काय करणार होते कोण जाणे. सखूने तोंड फिरवले. “तुमाले इकाले माह्यापाशी काई नाही,” ती म्हणाली. मास्तरांनी मान हलवली. तो खुलासा करण्याचा क्षण होता. चार शब्द पुरले असते. परंतु ते चार शब्द बोलले असते, तर ‘मग वहीतलं ते पेनाचं वाक्य कोणाचं?’ हा पाचवा शब्द आलाच असता.

काही महिन्यांनी सखूनेच मला अडवले. “सर, मले कोनी बलावलं कसं नाही हो?” मी म्हणालो, मला माहीत नाही.

त्या बाजाराच्या दिवशी गाडीतळापर्यंत मी मास्तरांबरोबर गेलो होतो. जऊळक्याच्या स्टेशनाकडे जाणारी बैलगाडी उभी होती. ते गाडीत बसल्यावर मी रुमालात गुंडाळलेली एक वस्तू त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी रुमालाची एक कड उचलून पाहिले, कड पुन्हा नीट घातली, आणि वस्तू मला परत दिली.

“राहू द्या तुमच्याकडेच,” ते म्हणाले. “वहीत नोंद झाली आहे. आता वही खोटी पडता कामा नये.”

गाडी हलली. त्यांनी खिशातून हरभरे काढले आणि गाडीवानाला देऊ केले. गाडीवान काहीतरी सांगू लागला, आणि मास्तरांनी सवयीने कोटाच्या काजाकडे हात नेला. तिथे पेन्सिल नव्हती. हात तसाच छातीवर ठेवून ते ऐकत राहिले. तेवढे मला दिसले.

वकीलसाहेब या लेखावर पुरावा मागतील. मागावा, तो त्यांचा धंदा आहे. दिपोटीसाहेबांच्या नावाची अक्षरे टोपणावर कोरलेले पेन या क्षणी माझ्या हातात आहे, हा लेख मी त्यानेच लिहिला आहे. ज्याला पाहायचे असेल त्याने घरी यावे. साहेबाची टोपी साहेबासंगं गेली, पेन मात्र आपण खिसकावलं. कोण म्हणालं? शिक्षकांच्या खोलीत, डबा खाताना, शनिवारी. मी म्हणालो.